वास येतोय तोवर

—नाही गं, पेटीबिटी काही नाही इथं, दारातच सांगितलं ना तुला. आता आलीच आहेस तर बस. उंबऱ्यात काय उभी राहतेस, मी काय खाते का तुला? ती खुर्ची घे — ती नको, तिचा पाय हलतो, ही अलीकडची घे. परवा त्याच हलत्या खुर्चीवर चढून खिडकीचं माप घेतलंस ना पडद्यासाठी, तेव्हाच ओठावर आलं होतं की बाई, पडशील. मग म्हटलं कशाला, घर सोडून जाणाऱ्यांनी घरात येणाऱ्यांना शहाणपण शिकवू नये. आम्ही अजून भांडीसुद्धा बांधली नव्हती आणि तुझ्या हातात टेप! आयत्या बिळावर — जाऊ दे, तोंड आवरलेलं बरं. चहा दिला असता, पण शेगडी थंड आहे. ह्या ओळीतल्या सगळ्यांच्याच शेगड्या थंड आहेत आज. बाळाचं दूध विजेच्या कॉइलवर तापवलं, ते उतू गेलं आणि कॉइल फटकन गेली, आता दुपारचं काय करायचं तो घोर आहेच. टाकी उघडलीय ना. टाकी उघडी म्हणजे गॅस बंद, गॅस बंद म्हणजे चूल बंद, एवढं तरी माहितीये का तुला?

कुठली टाकी म्हणून काय विचारतेस! अगं, ज्या खिडकीला पडदा लावणार आहेस ना, त्याच खिडकीतून बघ — कुंपणापलीकडं, हिरवी, वर लोखंडी कठडा. नवऱ्यानं दाखवली नाही? लग्नाला महिने झाले आणि तो दिवसभर कुणाजवळ असतो ते माहीत नाही? सासूबाई म्हणतात तिला सगळे इथं. हसू नकोस, सासूच आहे ती. वेळच्या वेळी जेवण लागतं. जास्त वाढलं की पोट आंबतं, कमी वाढलं की तोंड फुगतं, गारठा पडला की काम बंद, आणि एकदा का आंबली की महिनाभर कुणाशी नीट बोलत नाही. कारखान्यात मक्याचं स्टार्च काढतात, तर ते मका भिजवलेलं, धुतलेलं घाण पाणी तिच्यात खालून सोडायचं. आत हवेचा कण नाही. तळाला काळा गाळ, मोहरीएवढ्या गोळ्यांचा — ह्यांनी एकदा बाटलीतून आणून दाखवला होता मला, कौतुकानं, जणू स्वतःच घातलेली अंडी. त्या गोळ्या जिवंत असतात. किडे म्हटलं की ह्यांना राग यायचा, जिवाणू म्हण म्हणायचे. ते जिवाणू पाण्यातली घाण खातात आणि गॅस सोडतात. गॅस बॉयलरला, उरला की धुऊन, वास काढून एका नळीनं आपल्या चुलींना. आमच्या ठमीचं पहिलं वरचं दूध त्याच गॅसवर तापलं. तशी गुणाची आहे सासू, नाव ठेवायला जागा नाही — बाहेर असाल तोवर.

तो आवाज? तो पंखा. टाकीच्या झाकणाला लावलाय, आत हवा मारायला. सकाळपासून घरघरतोय, फळीवरची ताटं थरथरतात बघ, सवय होईल तुला. — नाही, तो नाही म्हणतेस? टुक टुक? ते होय! ते खेळणं आहे ठमीचं. चावीचं कोंबडं. त्या टोपलीत असेल कुठंतरी. तिकडं नको बघूस, नुसता पसारा आहे.

पण तुला पाठवलं कुणी म्हणायचं? त्यानं पाठवलं? — नाही ना. वाटलंच मला. तो कसला पाठवतोय. त्याला मी अरे-तुरे करते, राग मानू नकोस, दोन वर्षं ह्याच चटईवर जेवलाय तो, वहिनी अजून एक, वहिनी अजून एक करत. म्हणजे तू आपणहून आलीस. डबा द्यायला गेलीस, आणि स्टोअरवाल्यानं सांगितलं असेल, पोरी, पेटी अजून परत आली नाही, जुन्या ऑपरेटरच्या घरी असेल, बघ. स्टोअरवाल्याला तेवढी अक्कल आहे, जाऊन सांगायची हिंमत नाही. दुसरी पेटी होती ती दुरुस्तीला गेली ती गेलीच, सगळ्यांना ठाऊक आहे. अक्कल सगळ्यांना असते गं, मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला मात्र दरवेळी आमचेच हे.

पेटी कशाला लागते ते तरी सांगितलं का तुला? नाही? सगळं मीच सांगायचं का! बरं, ऐक. ती एवढीशी असते, मुठीत मावते, पिवळी. पट्ट्यानं छातीला लावायची. हवेत विष आलं की बोंबलते, लाल दिवे लागतात, अंगभर थरथरते. विष कुठून? अगं, मका भिजवायच्या पाण्यात गंधकाचं औषध घालतात, किडू नये म्हणून. ते गंधक सासूबाईंच्या पोटात जातं आणि त्याचा वेगळाच गॅस होतो. सडक्या अंड्याचा वास येतो ना इथं, आल्या आल्या नाकाला पदर — म्हणजे हात लावलास, तोच तो. परवा तर म्हणालीस, बाई गं, कसे राहता ह्या वासात! वासाला काय घाबरायचं? वास येतोय तोवर माणूस धड असतो. यायचा थांबला की मग भीती. जास्त झाला की तो आधी नाकच मारतो. माणसाला वाटतं, चला, गेला वास, हवा सुटली. आणि मग गुडघे. पायातलं बळ जातं म्हणतात आधी. ओरडायला होत नाही. हे सांगायचे मला, जेवताना सांगायचे, आणि मी हातातला घास खाली ठेवायची.

अशी पांढरी का पडलीस? पाणी देऊ? थांब, आधी हिला घे जरा. घे गं, घाबरू नकोस, मांडीवर घे, मला तेवढ्यात पाणी आणता येईल. ठमे, बघ कोण आलंय, नवी मावशी. बघ कशी जाऊन चिकटली! एरवी ओळख नसताना कुणाकडं जात नाही. रात्रभर खोकत होती. जरा छाती वाजली की मी उठून खिडकी लावते, मग वाटतं कोंडेल, म्हणून उघडते, मग वाटतं वास येतोय, पुन्हा लावते. हे म्हणायचे, तू ह्या खिडकीचा जीव घेशील. आता तू बघ खिडकीचं. पडदा जाड घे, पातळ नको.

निघतेस कुठं, पाणी तर पी. आणि बाळ माझ्या ओल्या हातात देणार का? बस. सांगते ना सगळं, मग जा.

झालं असं, की चाळणी फाटली. मक्याची सालपटं टाकीत जाऊ नयेत म्हणून पाण्याच्या वाटेवर जाळी असते. ह्यांनी सांगितलं नवी बसवा. तुझा नवरा म्हणाला, तार बांधली की झालं. बांधली तार. असा हात आहे त्याचा, सगळं तारेवर. सालपटं गेली आत, तळाच्या नळ्या तुंबल्या, सासूबाईंचं खाणंपिणं मंदावलं, गॅस कमी पडायला लागला. आता टाकी रिकामी करून माणूस आत उतरून नळ्या मोकळ्या केल्याशिवाय गत्यंतर नाही. मोठे साहेब म्हणाले, टाकी उघडाल त्याच दिवशी उरका. हे म्हणाले, साहेब, एक दिवस पाणी काढू, रात्रभर पंखा लावू, दुसऱ्या दिवशी उतरतानाही पंखा चालूच, वर दोन माणसं, दोर आणि पेटी. दिवस गेला तर जाऊ दे. आणि तुझा नवरा — ह्या चटईवर जेवलेला, खाल्ल्या घरचे वासे मोजणारा — साहेबांसमोर हसला. म्हणाला, त्यात काय साहेब, जेवणाच्या सुट्टीच्या आत वर येतो, नाक आहे ना मला, नाक हीच माझी पेटी. साहेब म्हणाले, मग हे एवढी नाटकं का करतात? तर हा म्हणाला — तुला सांगितलं का त्यानं काय म्हणाला ते? नसेल सांगितलं. म्हणाला, पोरगी झाल्यापासून ह्यांचा जीव पाळण्याएवढा झालाय. बायकोला विचारल्याशिवाय शिडी चढत नाहीत. सगळे हसले. फिटर हसला, बॉयलरवाला हसला. शिपाई हसला गं, शिपाई! आणि आठवड्यात आमच्या हातात चिठ्ठी, आणि त्याला बढती, आणि तुला ही खोली. दोन खिडक्यांची.

तू कुठं होतीस तिथं. तुझं काय चुकलं — माप घेण्याखेरीज.

हे घरी आले आणि चटईवर बसून राहिले. जेवले नाहीत. ठमीला घेतलं नाही. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, काही नाही, खरं तेच बोलला तो. म्हणजे बघ! खरं तेच बोलला! कारण त्यांना माहीत होतं ना, पूर्वी ते तसेच होते. माझ्या लग्नानंतरच्या वर्षी बिनपेटीचे उतरलेत, मी स्वतः डबा घेऊन गेले होते आणि टाकीच्या भोकातून हसत वर आलेले बघितलेत. मग ठमी झाली. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मला झोपेत ती टाकी दिसायला लागली. रोज सकाळी निघताना मी त्यांचा हात ठमीच्या डोक्यावर ठेवायची, म्हणा, हिची शपथ, पेटीशिवाय उतरणार नाही. रोज. चिडायचे, तरी म्हणायचे. मीच म्हणवून घ्यायची. दारात अडवून. तर शपथ पाळली बिचाऱ्यांनी आणि नोकरी गेली. बाहेर ते घाबरट ठरले, आणि ठरवलं कुणी? मीच. हे तुला का सांगतेय मी. कुणाला बोलले नव्हते. आईलासुद्धा नाही.

आता खोल्या बघत फिरतात. तीन ठिकाणी नाही म्हणाले, काय काम करता, तर सध्या काही नाही. काल रात्री ठमीच्या खोकल्यानं उठले तर हे अंधारात बसलेले. म्हणाले, मी खरंच घाबरलो होतो का गं? आता काय सांगायचं माणसानं? सांग ना, तू काय सांगितलं असतंस?

म्हणून सकाळी निघताना म्हणाले तेव्हा — काय म्हणाले? कुठं काय. असंच आपलं. — बरं, म्हणाले, आज टाकी उघडतील, पेटी आधी नेऊन दे, उशीर करू नकोस. असा माणूस! ज्यानं तोंडावर हसून पोटावर पाय दिला त्याच्यासाठी, चप्पल घालता घालता दोनदा सांगून गेला, विसरू नकोस. मी म्हटलं देते. मग ठमी उठली, मग दूध उतू गेलं, मग कॉइल गेली... वेळच कुठं मिळाला? तू रडतेस कशाला? रडण्यासारखं काय झालंय अजून? आणि त्यालाच नको आहे ना पेटी! नाक आहे त्याला! मी कोण मध्ये पडणारी? अति शहाण्याला कुणी काय शिकवायचं? उतरू दे की. त्याचं खरं असेल तर येईल वर, जेवणाच्या सुट्टीच्या आत, हात धुऊन डबा खाईल. आणि सगळे पुन्हा हसतील. बघा, काही झालं का? काही नव्हतंच, तो उगाच घाबरायचा, पोरगी झाल्यापासून. जन्मभर हसतील. ठमी मोठी होईल आणि तिला कुणीतरी सांगेल, तुझा बाप ना... म्हणजे काही झालं नाही तर आम्ही घाबरट. आणि झालं तर—

—तर काही नाही. कुणाचं वाईट चिंतत नाही मी. अशी बघू नकोस माझ्याकडं. मी आई आहे एका लेकराची.

थांब. ऐकलंस?

नाही ना येत आवाज? पंखा बंद झाला. ताटं बघ, गप्प झाली. — संपलं कसलं, उतरताहेत आता. पंख्याच्या घरघरीत वरच्याचं खाली ऐकू येत नाही, म्हणून बंद करतात मूर्ख, आणि हाका मारत उतरतात. झाकणापाशी डोकं घालून हुंगेल, म्हणेल, काही नाही, हवा साफ आहे. असतेच साफ, वर. विष बसलेलं असतं गाळात. वर सायीसारखा थर, शांत. पाय पडला की साय फुटते आणि खालून बुडबुडा येतो, छातीशी. म्हणून तर ती पेटी छातीला—

काय ओढतेस? तिच्या तोंडातून ओढू नकोस, रडेल ती! पट्टा आहे नुसता. दात येताहेत तिला, जे मिळेल ते चावते. टोपलीत होता, तुझ्या मांडीवर घेऊन आली असेल मुठीत, मला काय ठाऊक. — हो. हो, पिवळी आहे. हो, तीच. मग? चावीचं कोंबडं म्हटलं मी, म्हटलं तर म्हटलं. तुला काय सगळं सांगायलाच बसलेय मी? घे! घे ना! अशी हिसकावतेस काय लेकराच्या हातातून, पडली असती! गप ठमे, गप गं बाई, गेलं खेळणं, गेलं, मावशीनं नेलं.

आता काय दाबतेस? ते मधलं बटण. मधलं, मोठं. दाबून धर. — नाही ना लागत?

नाहीच लागणार. टुकटुक करत होती ना, ती बॅटरी संपत आली म्हणून. मघापासून थांबलीय, तुझ्या लक्षात नाही आलं, माझ्या आलं होतं. सकाळपासून हिच्याच हातात होती. दाबलं की वाजते, वाजली की ही हसते, रात्रभर खोकलेलं लेकरू सकाळी पहिल्यांदा हसलं. मी म्हटलं वाजव. वाजव पोटभर. चार्जर त्या फळीवर आहे, पण दुपार जाईल भरायला.

उभी काय राहिलीस? पेटी टाक ती इथंच, काय करणार आहेस ओझं घेऊन! पळ. मागच्या फाटकानं जा, पुढचा पहारेकरी विचारपूस करत बसेल. आणि ऐक — भोकात वाकू नकोस. तू उतरायचं नाहीस, कितीही पडलेला दिसला तरी कुणी मागोमाग उतरायचं नाही, असंच एकामागून एक जातात. आधी पंखा. ओरडत जा, पंखा लावा, पंखा लावा म्हणत जा. तुझ्या नाकाला अजून वास येतोय ना? येतोय ना अजून? मग पळ!

— आणि दार ओढून घे जाताना. बाळाला सोसत नाही.